लढाऊंचा जयघोष, मालवाहूंची उपेक्षा

प्रजासत्ताक दिनी राजधानीच्या आकाशातून विमानांचा ताफा गर्जत जातो, तेव्हा बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या घराघरांत दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या मुलांना राफेल, सुखोई, तेजस ही नावे मुखोद्गत असतात. त्याच घरात "एएन-३२ म्हणजे काय?" असा प्रश्न टाकून पाहावा. मुलेच काय, त्यांचे पदवीधर वडीलही गप्प बसतील. वास्तविक मेचुक्याच्या दरीत पहारा देणाऱ्या जवानाला पीठ, रॉकेल, औषधे आणि घरचे पत्र राफेल नेऊन देत नाही. ते काम चार दशकांहून अधिक काळ हे दोन पंख्यांचे, ओबडधोबड दिसणारे विमान करीत आले आहे. आणि याच विमानाचा कॉकपिट, म्हणजे वैमानिकाचे डोळे आणि कान, आधुनिक करण्याचे काम ज्या गतीने झाले, ती पाहिली की आपल्या देशभक्तीची आवड किती चोखंदळ आहे, हे ध्यानात येते. जे दिसायला देखणे त्याचा जयघोष, जे नुसते राबते त्याची उपेक्षा!

एएन-३२ हे विमान प्रामुख्याने भारतासाठीच घडवले गेले. हिमालयातील उंच धावपट्ट्या आणि विरळ हवा यांचा विचार करून सोव्हिएत संघातील अंतोनोव्ह संस्थेने आपल्या जुन्या एएन-२६ ला अधिक शक्तिशाली इंजिने बसवली. १९८४ पासून ही विमाने भारतात येऊ लागली आणि त्यांची संख्या सव्वाशेच्या आसपास गेली. ४ जून १९८७ रोजी जाफन्यातील वेढलेल्या तमिळ जनतेसाठी आकाशातून मदत टाकण्यात आली, ती पाच एएन-३२ विमानांनी. मिराज विमाने केवळ संरक्षणासाठी बरोबर होती. ३१ मे २००८ रोजी लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथील, चार दशकांहून अधिक काळ ओस पडलेली धावपट्टी पुन्हा जागी झाली, तीही एएन-३२ च्या चाकांनी. अशा विमानाविषयी शाळेच्या पुस्तकात एक ओळ नाही, याचे कोणाला वैषम्यही वाटत नाही.

विमानाचा सांगाडा आणि त्यातील इलेक्ट्रॉनिक्स यांचे आयुष्य सारखे नसते, ही गोष्ट सामान्य वाचकाने समजून घेतली पाहिजे. सांगाडा नीट निगा राखली तर चाळीस वर्षे उडतो. परंतु त्यातील रेडिओ, रडार, दिशादर्शक यंत्रे दहा-पंधरा वर्षांत जुनी होतात, आणि त्यांतील एखादी चिप तर त्याच्याही आधी बाजारातून नाहीशी होते. मग सुटा भाग मिळत नाही, मिळाला तर दाम दसपट, आणि दुरुस्तीची विद्या जाणणारा तंत्रज्ञ निवृत्त झालेला. ऐंशीच्या दशकातील कॉकपिटमध्ये काट्यांच्या डझनावारी तबकड्या असतात. उंची एकीकडे, वेग दुसरीकडे, इंजिनाचे तापमान तिसरीकडे. वैमानिकाने या सगळ्यांवरून नजर फिरवायची, मनात गोळाबेरीज करायची आणि त्याच वेळी ढगांतून वाट काढायची. आधुनिक कॉकपिटमध्ये ही माहिती चार-पाच पडद्यांवर एकत्र येते आणि जे चुकीचे आहे तेच ठळक होते. ही चैनीची बाब नव्हे. अरुणाचलच्या दऱ्यांत ढग काही मिनिटांत खाली उतरतात. तेथे वैमानिकाच्या मनावरचा एक भार कमी होणे म्हणजे पाठीमागे बसलेल्या जवानांच्या जिवाची हमी वाढणे होय.

याहून महत्त्वाचे आहे ते भूपृष्ठाची पूर्वसूचना देणारे यंत्र. जुन्या पद्धतीचे यंत्र केवळ खाली पाहते. विमानाच्या पोटाखाली जमीन किती अंतरावर आहे, एवढेच ते सांगते. सपाट प्रदेशात ते पुरेसे ठरते. पण पुढे डोंगराची उभी भिंत असेल, तर खालच्या दरीची खोली मोजणारे यंत्र शेवटच्या क्षणापर्यंत "सर्व ठीक आहे" असेच सांगत राहते. नव्या यंत्रात संपूर्ण प्रदेशाचा उंचसखल नकाशा साठवलेला असतो. उपग्रहावरून विमानाचे स्थान कळते आणि पुढे येणाऱ्या डोंगराची सूचना वेळेआधी मिळते. हे यंत्र ज्या अमेरिकी अभियंत्याने घडवले, त्या डॉन बेटमन याच्या चमूने नव्वदच्या दशकात, सोव्हिएत संघ कोसळल्यावर, तेथील लष्कराने तयार केलेले जगाचे तपशीलवार नकाशे विकत घेतले. केवढा हा विरोधाभास! ज्या देशाकडून आपण विमाने घेतली, त्याच देशाकडून अमेरिकनांनी ज्ञान घेतले. विमाने जुनी झाली. त्या ज्ञानाची यंत्रे मात्र आजही जगभर विकली जात आहेत.

आणि येथेच एक टोचणारा प्रश्न उभा राहतो. अरुणाचलच्या दऱ्याखोऱ्यांचा नकाशा कोणाकडे असायला हवा? भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून या भूमीची मोजणी करतो आहे. आपल्या सीमेवरील डोंगरांची उंची आपल्या विमानाला सांगण्यासाठी परक्या कंपनीच्या बंद डब्याची गरज का पडावी?

आता आधुनिकीकरणाची कहाणी पाहू. ९ जून २००९ रोजी मेचुक्याहून निघालेले एक एएन-३२ अरुणाचलच्या डोंगरात कोसळले आणि तेरा जणांचा बळी गेला. त्याच महिन्यात युक्रेनशी सुमारे ४० कोटी डॉलर्सचा करार झाला. १०५ विमानांचे आधुनिकीकरण करून त्यांचे आयुष्य चाळीस वर्षांपर्यंत वाढवायचे, त्यांपैकी ४० विमानांचे काम युक्रेनमध्ये आणि उरलेल्यांचे कानपूर येथील वायुदलाच्या दुरुस्ती आगारात करायचे, असे ठरले. नवे रडार, सुधारित रेडिओ उंचीमापक, उपग्रह दिशादर्शन, भूपृष्ठाची सूचना देणारी यंत्रणा, आकाशात दुसऱ्या विमानाशी टक्कर टाळणारी यंत्रणा असे सारे त्यात होते. कागदावर योजना उत्तम. पण विमाने येण्यास सुरुवात झाली १९८४ मध्ये, आणि आधुनिकीकरणाचा करार झाला २००९ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. या काळात दिल्लीत किती सरकारे आली नि गेली! बोफोर्सच्या भूताने पछाडलेली बाबूशाही स्वाक्षरी करण्यापेक्षा न करण्यात शहाणपण मानू लागली, आणि २००६ ते २०१४ या काळातील संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या कारकिर्दीत तर निर्णय न घेणे हाच सचोटीचा पुरावा ठरला.

पण सारा दोष एकाच पक्षाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, खरे नाही. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला. युक्रेनच्या कारखान्यांत अनेक सुटे भाग रशियातून येत असत, ते येणे थांबले. २०१५ मध्ये तर आपली पाच एएन-३२ विमाने तेथेच अडकून पडल्याच्या बातम्या झळकल्या. कानपूरला यायची सामग्री रखडली आणि आगारातील तंत्रज्ञ हात बांधून बसले. विमान सोव्हिएत, कारखाना युक्रेनी, भाग रशियन, आणि त्या दोन देशांचे भांडण पेटले! अशा वेळी भारताच्या वायुदलाने काय करायचे? २०२२ च्या फेब्रुवारीत ते भांडण उघड युद्ध झाले. स्वदेशीची भाषा सभांमधून कितीही वेळा बोलली गेली, तरी २०१४ चा धडा घेऊन मालवाहू विमानांचा कॉकपिट संपूर्ण भारतीय करण्याचा निर्धार त्यानंतरच्या वर्षांत ज्या ठामपणे दिसायला हवा होता, तसा तो दिसला नाही. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हे सांगायचे नाही, असा काही नियम नाही. उलट आपल्या माणसालाच अधिक स्पष्ट सांगावे लागते.

२२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेले के-२७४३ क्रमांकाचे विमान बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. त्यात २९ जण होते. मनोहर पर्रीकर तेव्हा संरक्षणमंत्री होते. पवईच्या आयआयटीत धातुशास्त्र शिकलेला हा अभियंता स्वतः शोधक्षेत्राच्या हवाई पाहणीस गेला. जहाजे, विमाने, उपग्रह सारे लावले, पण समुद्राने काही परत दिले नाही. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुक्याला निघालेले दुसरे विमान बेपत्ता झाले. त्याच्या आपत्कालीन संकेतयंत्राचा मागमूस लागेना. ११ जूनला लिपो गावाच्या उत्तरेस, बारा हजार फूट उंचीवरील घनदाट रानात अवशेष दिसले. तेराही जण गेले होते. हे विमान आधुनिकीकरण न झालेल्यांपैकी होते, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. दहा वर्षांपूर्वी करार झाला, त्या करारास निमित्त व्हावे असा अपघात त्याच मेचुक्याच्या वाटेवर झाला होता, आणि दहा वर्षांनी पुन्हा तीच वाट, तोच महिना, तीच मृतांची संख्या.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. नवे पडदे आणि नवी यंत्रे बसवली म्हणजे अपघात थांबतात काय? थांबत नाहीत. २८ मार्च २०१४ रोजी ग्वाल्हेरजवळ वायुदलाचे सी-१३०जे हे अगदी नवे, अत्याधुनिक कॉकपिटचे विमान कोसळून पाच जण मृत्युमुखी पडले. के-२७४३ विमानाचीही मोठी देखभाल त्याआधी झालेली होती. डोंगर, ढग आणि मानवी चूक यांच्यापुढे कोणतेही यंत्र सर्वशक्तिमान नाही. पण या युक्तिवादाचा उपयोग आळसाचे समर्थन म्हणून करणाऱ्यांना एकच विचारावेसे वाटते. सीटबेल्ट लावूनही माणसे मरतात, म्हणून स्वतःच्या मुलाला घाटातून सीटबेल्टविना पाठवाल काय?

ही सारी दूरची गोष्ट आहे, असे अंधेरी-घाटकोपरच्या वाचकाला वाटत असेल, तर त्याने २८ जून २०१८ ची दुपार आठवावी. जुहूहून चाचणी उड्डाणासाठी निघालेले, एकेकाळी उत्तर प्रदेश सरकारच्या मालकीचे असलेले जुने किंग एअर विमान घाटकोपर पश्चिमेला बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या आवारात कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी असे पाच जण गेले. ते विमान लष्करी नव्हते, त्याची कारणे वेगळी. पण जुने विमान पुन्हा उडते करणे ही किती जोखमीची विद्या आहे, हे त्या दिवशी वसतीच्या मध्यभागी दिसले. उपनगरात दोन दिवस हळहळ झाली, तिसऱ्या दिवशी पावसाची चर्चा सुरू झाली.

खरा मुद्दा तर त्याच उपनगरांचा आहे. अंधेरीला 'सीप्झ' आहे. या नावातील दुसरे अक्षर इलेक्ट्रॉनिक्सचे आहे, हे तेथून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र म्हणून ते उभे राहिले. हेतू हा, की भारताने जगाला इलेक्ट्रॉनिक वस्तू विकाव्यात. आज त्या क्षेत्राची ओळख मुख्यत्वे हिरे आणि दागिन्यांनी आहे. दागिन्यांनी हजारो हातांना काम दिले, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ज्या भूमीवर देशाचे इलेक्ट्रॉनिक्स फुलायचे, तेथे अखेर सोन्याने इलेक्ट्रॉनिक्सला बाजूला सारले, ही आपल्या औद्योगिक धोरणाची कुंडलीच म्हणावी लागेल. योगायोग असा, की १२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी सीप्झमध्ये दागिने उद्योगासाठी 'भारतरत्नम्' या भव्य सुविधा केंद्राचे उद्घाटन केले, आणि त्याच दिवशी संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले, की चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोल समुद्रतळाशी के-२७४३ चे अवशेष सापडले. साडेसात वर्षांनी! दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती अटल सेतूची. स्वामी विवेकानंदांच्या जयंतीदिनी आलेली ती दुसरी बातमी वृत्तपत्रांच्या आतल्या पानांत विरघळली.

उपनगरांत क्षमता नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. पवईला १९५८ पासून आयआयटी आहे आणि तेथे विमानविद्येचा स्वतंत्र विभाग आहे. त्याच परिसरात सूक्ष्मतरंग इलेक्ट्रॉनिक्सवर संशोधन करणारी 'समीर' ही शासकीय संस्था आहे. रडार ज्या तरंगांवर चालते, तेच तिचे क्षेत्र. विक्रोळीच्या गोदरेजने इस्रोसाठी 'विकास' इंजिने आणि ब्राह्मोस क्षेपणास्त्रांचे सांगाडे घडवले. पवईच्या लार्सन अँड टुब्रोने अवकाश आणि संरक्षण क्षेत्रासाठी अवघड धातुकाम करून दाखवले. आणि कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया' सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिले. त्या विमानाची नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, आणि त्यासाठी थेट मुख्यमंत्र्यांना लक्ष घालावे लागले. गच्चीवर विमान बांधणे सोपे, ते सरकारी वहीत नोंदवणे अवघड! ज्या देशात ही अवस्था आहे, तेथे लष्करी विमानात एखादा छोटा भारतीय उद्योग आपला पडदा किंवा संगणक बसवू पाहील, तर त्याच्या किती चपला झिजतील, याची कल्पना करावी.

पवईतून बाहेर पडणाऱ्या बुद्धिमान मुलांपैकी कित्येक परदेशी जातात आणि तेथे विमानांच्या संगणकांसाठी आज्ञावल्या लिहितात. आधुनिक कॉकपिट म्हणजे नव्वद टक्के काच आणि तारा, असे सामान्य माणसाला वाटते. वस्तुतः त्याचा प्राण आज्ञावलीत असतो. ज्याच्या हाती मूळ आज्ञावली, त्याच्या हाती विमान. उद्या नवे रडार किंवा नवा रेडिओ जोडायचा झाला, तर आज्ञावली परक्याची असताना प्रत्येक वेळी त्याच्या दारी जावे लागते, त्याची किंमत द्यावी लागते आणि त्याच्या सरकारची परवानगी मिळेपर्यंत थांबावे लागते. याचा अनुभव आपण अवकाशातही घेतला आहे. 'नाविक' ही आपली उपग्रह दिशादर्शन प्रणाली. पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला. पण त्यातील अणुघड्याळे आयात केलेली होती आणि ती बिघडू लागली. स्वदेशी अणुघड्याळ घेऊन उपग्रह गेला तो २९ मे २०२३ रोजी. देह स्वदेशी आणि नाडी परदेशी, असे स्वावलंबन किती दिवस टिकणार?

आपल्याला हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी जग्वारचे उदाहरण पुरेसे आहे. ब्रिटिश-फ्रेंच बनावटीच्या या लढाऊ विमानात ऐंशीच्या दशकात भारतीयांनी 'डॅरिन' नावाची दिशादर्शन व प्रहार प्रणाली स्वतः जुळवून बसवली आणि पुढे तिच्या सुधारित आवृत्त्याही केल्या. सुखोई-३० च्या भारतीय आवृत्तीतील मुख्य संगणक बंगळुरूच्या संरक्षण संशोधन संस्थेने घडवला. म्हणजे विद्या होती, माणसे होती, अनुभवही होता. पण तो सारा लढाऊ विमानांच्या पंक्तीला बसला. मालवाहू विमानाच्या पानात उरलेसुरले पडले. छोट्या डॉर्निअरच्या बाबतीत मात्र आता सुखद बदल दिसतो. २०२३ च्या मार्चमध्ये वायुदलासाठी सहा नव्या डॉर्निअर विमानांचा ६६७ कोटींचा करार हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी झाला, त्यात आधुनिक ग्लास कॉकपिट आहे. १५ मार्च २०२४ रोजी नौदलाच्या २५ डॉर्निअर विमानांच्या आधुनिकीकरणासाठी २८९० कोटींचा करार त्याच कंपनीशी झाला. कानपूरने जे डॉर्निअरसाठी केले, ते एएन-३२ साठी का होऊ नये?

"नवी विमाने येतच आहेत, जुन्यावर खर्च कशाला?" असाही सूर ऐकू येतो. सी-२९५ विमानांचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. एकूण ५६ विमाने, त्यांपैकी ४० बडोद्याच्या कारखान्यात जुळवली जायची. कारखाना बडोद्याला गेल्यावर महाराष्ट्रात बरेच राजकारण रंगले. त्या गदारोळात हे कोणी सांगितले नाही, की ही विमाने १९६१ पासून भारतात बांधल्या गेलेल्या ॲव्ह्रो विमानांच्या जागी येत आहेत, एएन-३२ च्या जागी नव्हेत. एएन-३२ चा वारसदार म्हणून रशियाबरोबर जे विमान बनवायचे ठरले, ती योजना काही वर्षे चर्चेत राहून बारगळली. त्यानंतर २०२२ च्या डिसेंबरमध्ये मध्यम वजनाच्या मालवाहू विमानांसाठी परदेशी कंपन्यांकडून माहिती मागवण्यात आली. माहिती मागवणे, निविदा, चाचण्या, वाटाघाटी, करार, बांधणी ही आपली चाल सर्वांना परिचित आहे. ॲव्ह्रोच्या बदलीची चर्चा सुरू झाल्यापासून पहिले सी-२९५ २०२३ मध्ये येईपर्यंत एक दशक सरले. याचा अर्थ सरळ आहे. एएन-३२ अजून बरीच वर्षे उडणार. मग ते डोळे उघडे ठेवून उडावे की डोळ्यांवर पट्टी बांधून?

एक गोष्ट लगेच होऊ शकते. उरलेल्या विमानांतील उपकरणांच्या बदलीचे काम हिंदुस्थान एरोनॉटिक्स, संरक्षण संशोधन संस्था आणि कानपूरचे आगार यांच्याकडे एकत्र सोपवावे, सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर आधारलेली भूपृष्ठ सूचना यंत्रणा त्यात बसवावी, आज्ञावलीची मालकी वायुदलाकडे ठेवावी, आणि पडदे, रेडिओ, जोडतारा यांसाठी मुंबई-पुण्याच्या मध्यम उद्योगांना दारे उघडावीत. सीप्झ वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येते आणि २०२४ मध्ये उत्तर मुंबईतून, म्हणजे बोरिवली-कांदिवलीच्या मतांनी निवडून आलेले पीयूष गोयल हे त्या खात्याचे मंत्री झाले. लोकल गाड्यांची गर्दी, मेट्रोची मार्गिका यांसाठी उपनगरांतील शिष्टमंडळे त्यांच्या कार्यालयात जातात आणि जायलाच हवीत. सीप्झच्या किती गाळ्यांत आज विमानात बसेल असे इलेक्ट्रॉनिक्स तयार होते, हा प्रश्न घेऊन एकही शिष्टमंडळ गेल्याचे ऐकिवात नाही. कार्यालयाचा पत्ता तोच आहे.